एका फोनात अनेक खोल्या

मराठवाड्यातील माळवदाचा जुना वाडा तुम्ही पाहिला आहे का? परभणी जिल्ह्यातील जुन्या गावांत असे वाडे अजूनही कोठे कोठे उभे आहेत. मोठ्या दरवाजातून आत शिरले की प्रथम ढेलज लागते. वाटसरू, निरोप घेऊन आलेला माणूस, अनोळखी पाहुणा यांनी येथे बसायचे. त्यांना पाणी मिळते, चहा मिळतो. पण न विचारता कोणी पुढे जात नाही. ढेलजेपलीकडे चौक आणि मग ओसरी. ओसरीवर ओळखीची माणसे येतात. त्यापुढचे माजघर घरच्यांपुरते. आणि माजघराच्या एका कोपऱ्यात आजीची पेटी. तिची किल्ली आजीच्या कमरेला!

वाडा एकच. त्याचा दरवाजा एक, आड एक, अंगण एक. तरी कोणी कोठवर जायचे हे ठरलेले असते. पेटीला कुलूप आहे म्हणून कोणी आजीवर रागावत नाही. पेटीत कदाचित चार जुनी पत्रे, एखादा फोटो आणि नातवंडांसाठी जपून ठेवलेल्या नोटा असतील. त्या वस्तू आजीच्या आहेत, एवढे कारण पुरे असते.

आता याच घरातल्या फोनाकडे पाहू.

भिंती नसलेले घर

समजा, जिंतूर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबात पाच माणसे आहेत आणि स्मार्टफोन एकच आहे. सकाळी वडील त्यावर परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान-सल्ला आणि कापसाचा भाव पाहतात. पिकाची नोंद करायची तर तोच फोन घेऊन शेतात जावे लागते, कारण १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. बँकेचा व्यवहार त्याच फोनावर, आणि बँकेकडून येणारा एकवेळचा परवलीचा आकडा, म्हणजे ओटीपी, तोही त्याच फोनावर. दुपारी आई त्यावरून माहेरी बोलते. डॉक्टरांनी तिला लिहून दिलेल्या औषधांच्या चिठ्ठीचा फोटोही त्यातच आहे. संध्याकाळी दहावीतली ताई त्यावर गणिताचे धडे पाहते, आणि तिचे झाले की धाकटा भाऊ खेळायला बसतो.

मग काय होते? भावाचे बोट चुकून बँकेच्या ॲपवर पडते. वाढत्या वयात शरीरात होणाऱ्या बदलांविषयी ताईने काही शोधलेले असते. काकांनी फोन हातात घेताच तोच प्रश्न पडद्यावर दिसतो. वडील शेजाऱ्याला कापसाचा फोटो दाखवायला जातात आणि बोट सरकले की आईची चिठ्ठी पुढे येते. यात चोर कोणी नाही. कोणाच्या मनात वाईटही नाही. या घराला भिंती नाहीत, एवढेच.

अशी घरे थोडीथोडकी नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी सुमारे ५४ जणींकडेच स्वतःच्या वापराचा मोबाइल फोन होता. बाकीच्यांना फोन लागला तर तो कोणाकडून तरी मागून घ्यावा लागे.

मग प्रत्येकासाठी वेगळा फोन घ्यायचा का? तसे करणे सगळ्यांना परवडत नाही. सुदैवाने यंत्र एक आणि माणसे अनेक, हा प्रश्न नवा नाही. संगणकशास्त्राने तो साठ वर्षांपूर्वीच हाती घेतला होता.

यंत्र एक, माणसे अनेक

त्या काळी संगणक एवढा महाग होता की एका माणसासाठी एक यंत्र ही कल्पनाच कोणी करीत नसे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. इतर संस्थांतील संशोधकही आपली गणिते घेऊन तेथे येत. छिद्रे पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे यंत्राला द्यायचे आणि आपली पाळी येण्याची वाट पाहायची. एकाचे काम संपले की दुसऱ्याचे सुरू. पिठाच्या गिरणीत डबे रांगेने लागतात ना, तसेच.

अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वेगळी युक्ती काढली. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी ती करून दाखवली. एकशिक्षकी शाळेत गुरुजी पहिलीला पाढे देतात, तोवर दुसरीचे शुद्धलेखन पाहतात, मग तिसरीकडे वळतात. प्रत्येक वर्गाला वाटते, गुरुजी आपल्याकडेच आहेत! तसाच संगणक क्षणभर एकाचे काम करी, पुढच्या क्षणी दुसऱ्याचे. तो एवढा जलद होता की समोर बसलेल्या प्रत्येकाला यंत्र आपल्या एकट्याचेच वाटे. या पद्धतीला कालविभागणी म्हणतात.

पण यंत्र वाटून घेतले तरी कागदपत्रे वाटायची नव्हती. माझे गणित तुम्ही वाचू नये आणि तुमचे मी खोडू नये, हे कसे साधायचे? कॉर्बातो यांनी प्रत्येकाला एक नाव आणि एक परवलीचा शब्द दिला. पूर्वी किल्ल्याच्या दारावर पहारेकरी परवलीचा शब्द विचारीत. तोच शब्द आता संगणकाच्या दारावर आला.

दोन फजित्या, दोन धडे

पहिल्याच प्रयत्नात कुलूप पक्के बसले असे मात्र झाले नाही. संस्थेतील संशोधकांना दर आठवड्याला संगणकाचा ठरावीक वेळ मिळे. ॲलन शेर नावाच्या संशोधकाला तो पुरेना. १९६२ साली त्यांनी परवलीच्या शब्दांची यादी छापून देण्याची आज्ञा एका कार्डावर लिहिली आणि ते कार्ड यंत्राकडे धाडले. यंत्राने मुकाट्याने सगळी यादी छापून दिली! झाले, दुसऱ्यांच्या नावावर हवा तेवढा वेळ वापरण्याची सोय झाली. खोल्यांना कुलपे होती, पण सगळ्या किल्ल्यांचा जुडगा उघड्या खुंटीवर टांगलेला होता.

दुसरी गोष्ट त्याच दशकातली. एके दिवशी संगणकाला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येकाच्या समोर सगळ्यांचे परवलीचे शब्द आपोआप उमटू लागले. कारण मोठे गमतीचे होते. मजकूर दुरुस्त करणारा कार्यक्रम काम चालू असताना एक कच्चा कागद तयार करी. त्या कच्च्या कागदाचे नाव नेहमी एकच असे. त्या दिवशी एक व्यवस्थापक रोजची सूचना लिहीत होता, आणि त्याच वेळी, त्याच जागेत दुसरा व्यवस्थापक परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करीत होता. दोघांचे कच्चे कागद एकाच नावाचे! त्यांची अदलाबदल झाली आणि सूचनेच्या फळ्यावर यादी लागली.

पहिल्या गोष्टीवरून शिकायचे ते हे की किल्ल्या ठेवायची जागाही कुलूपबंद हवी. दुसरीचा धडा अधिक खोल आहे. नुसती पक्की वही वेगळी ठेवून भागत नाही. प्रत्येकाचा कच्चा कागदसुद्धा वेगळा हवा. आपल्या फोनात असे कच्चे कागद पुष्कळ असतात. काय शोधले, कोणते पान पाहिले, कोणता शब्द पुन्हा पुन्हा लिहिला, हे सारे फोन टिपून ठेवतो. ताईची अडचण नेमकी येथेच झाली होती.

तीन आकड्यांचा पहारा

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाच्या कार्यप्रणालीचे काम सुरू केले. तिच्यातील एक पद्धत समजायला इतकी सोपी आहे की तुम्ही ती वहीत करून पाहू शकाल.

प्रत्येक कागदाबाबत तीन प्रकारची माणसे धरतात : मालक, मालकाच्या गटातील लोक आणि इतर सारे. प्रत्येकाला तीन गोष्टींची परवानगी देता येते. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि कार्यक्रम चालवण्याचा १. ज्या परवानग्या द्यायच्या त्यांची बेरीज करायची.

समजा, शाळेतील गुणांचा तक्ता आहे. वर्गशिक्षकांनी तो वाचावा आणि लिहावा : ४ + २ = ६. इतर शिक्षकांनी नुसता वाचावा : ४. बाकीच्यांना काहीच नाही : ०. झाला आकडा ६४०! ४, २ आणि १ यांतून ० ते ७ या प्रत्येक बेरजेला एकच अर्थ निघतो. म्हणून या तीन आकड्यांत सगळा पहारा मावतो.

१९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने याच धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहिला. तोच गाभा आज अँड्रॉइड फोनात आहे. म्हणजे वडिलांच्या खिशातल्या फोनात त्या मोठ्या, सामायिक संगणकाचा पहारेकरी अजून नोकरीवर आहे.

लाखाच्या घरातली युक्ती

अँड्रॉइड तयार करणाऱ्यांनी प्रथम असे धरले की फोन एकाच माणसाचा असतो. मग माणसे ओळखण्याची ही यंत्रणा वाया का घालवायची? त्यांनी प्रत्येक ॲपलाच एकेक वेगळा माणूस मानले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. त्यामुळे खेळाचे ॲप बँकेच्या ॲपचे कागद उघडू शकत नाही.

पुढे खरी माणसेही आली. २०१२ साली अँड्रॉइडच्या ४.२ या आवृत्तीत टॅब्लेटवर आणि २०१४ साली ५.० या आवृत्तीत फोनवर एकाहून अधिक वापरकर्ते ठेवण्याची सोय झाली. प्रत्येक वापरकर्त्याच्या या वेगळ्या जागेला प्रोफाइल म्हणतात. आपण तिला खोली म्हणू.

खोल्यांना क्रमांक असतात. फोनाच्या मालकाची खोली ०. पुढची खोली १०, मग ११, १२ अशी. आता हिशेब पाहा. समजा, एका ॲपचा क्रमांक १०,१२३ आहे. मालकाच्या खोलीत तो १०,१२३ च राहतो. १० व्या खोलीत त्यात १० लाख मिळवतात, म्हणजे तो होतो १०,१०,१२३. ११ व्या खोलीत ११,१०,१२३. लाखाच्या घरातील आकडे पाहिले की माणूस कळतो आणि उरलेले पाहिले की ॲप कळते. कोणी कागद मागितला की गाभा हा क्रमांक तपासतो. क्रमांक जुळला तर कागद मिळतो, नाही तर दार बंद.

यात आणखी एक सोय आहे. ॲप स्वतः फोनात एकदाच साठवले जाते. वेगळी असते ती प्रत्येकाची माहिती. घरात जाते एकच, पण प्रत्येकाच्या पिठाचा डबा वेगळा, असे म्हणा ना. म्हणून पाच खोल्या केल्या तरी त्याच ॲपच्या पाच प्रती होत नाहीत. अर्थात पाचही जणांनी फोटो साठवले तर जागा भरणारच.

नव्या खोलीला फोन करण्याची आणि संदेश वाचण्याची मुभा मालकाने दिली तरच मिळते. आमच्या उदाहरणातील भावाला वेगळी खोली दिली आणि ही मुभा दिली नाही, तर त्याच्या खोलीत बँकेचे ॲप नसेल आणि ओटीपीही दिसणार नाही.

शिवाय पाहुण्यांसाठीही एक जागा असते. तिला गेस्ट म्हणतात. ही फोनाची ढेलज! पाहुण्याने काम केले आणि त्याचे सत्र संपवले की त्याने मागे ठेवलेले सारे पुसले जाते.

भिंत आणि किल्ली

पहारेकरी जागा आहे तोवर ठीक. पण कोणी फोनच चोरून नेला आणि पहारेकऱ्याला वगळून थेट साठवणीतील कागद वाचायचा प्रयत्न केला तर? यासाठी कागद सांकेतिक लिपीत लिहून ठेवतात. अँड्रॉइडच्या ७.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, प्रत्येक खोलीच्या कागदांना त्या खोलीची वेगळी किल्ली लावण्याची सोय झाली.

ही किल्ली केवढी असते? २५६ द्विमान अंकांची. प्रत्येक अंक ० किंवा १. म्हणजे शक्य किल्ल्या किती? दोनला दोनाने २५६ वेळा मांडून गुणा. उत्तर येते ७८ आकडी! एकेक किल्ली लावून पाहायची म्हटले तर जगातील सगळे संगणकही पुरे पडणार नाहीत.

पण थांबा. ही किल्ली वापरण्यासाठी आपण जो परवलीचा आकडा टाकतो, तो चारच अंकी असला तर शक्यता फक्त १०,००० उरतात. सहा अंकी केला तर १०,००,०००. म्हणून फोनातील चिप स्वतःचे एक गुपित त्या आकड्यात मिसळते आणि चुकीचे आकडे टाकणाऱ्याला दर खेपेस अधिक वेळ ताटकळत ठेवते. तरीही १२३४ किंवा स्वतःचे जन्मसाल ठेवणाऱ्याला कोणतीही चिप वाचवू शकत नाही. घरातल्या सगळ्यांना तुमचे जन्मसाल ठाऊक असते!

भिंत कोठे संपते?

शास्त्राचा अभ्यास करताना एखादी वस्तू काय करते एवढेच पाहून चालत नाही. ती काय करीत नाही हेही पाहावे लागते.

पहिली गोष्ट : फोनाच्या मालकाला दुसऱ्याची खोली वाचता येत नाही, पण पाडता येते. खोली काढून टाकली की आतले सारे जाते, परत मिळत नाही. परवलीचा आकडा विसरलात तरी तेच. म्हणून महत्त्वाच्या वस्तूंची दुसरी प्रत हवी.

दुसरी गोष्ट : दोन खोल्यांत एकच ईमेल खाते वापरले तर भिंतीला भोक पडले म्हणून समजा. ताईने शोधलेले त्या खात्याच्या मार्गाने वडिलांच्या खोलीत उमटू शकते.

तिसरी गोष्ट : भिंत फोनाच्या आत आहे. तुम्ही ज्या संकेतस्थळावर जाता, त्याला तुम्ही दिलेली माहिती कळतेच. आणि खांद्यावरून डोकावणाऱ्याला तर कोणतीच भिंत अडवत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत बोचणारी आहे. ही सोय सर्व फोनांत नसते. काही कंपन्या ती काढून टाकतात आणि आयफोनमध्ये ती नाही. ज्या घरात फोन एकच, त्याच घराला तिची गरज सर्वांत जास्त, आणि नेमक्या त्याच घरच्या फोनात ती नसेल तर? तर काही छोट्या युक्त्या आहेत. बँकेच्या आणि फोटोंच्या ॲपला स्वतंत्र कुलूप लावता येते. मुलाच्या हाती फोन देताना एकच ॲप पडद्यावर खिळवून ठेवता येते. कुलूपबंद पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसू नये, अशी व्यवस्था करता येते. २०२४ साली आलेल्या अँड्रॉइड १५ मध्ये एकाच माणसासाठी वेगळी कुलूपबंद जागाही आहे, म्हणजे जवळजवळ आजीची पेटीच!

"लपवायचे काय आहे?"

खोली मागितली की हा प्रश्न हमखास येतो. २०१८ साली नित्या संबासिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातील स्त्रियांशी बोलून त्यांनी तो केला होता. या स्त्रियांचा फोन घरात सगळे वापरतात, आणि त्याही तो सहज देतात, असे त्यांना आढळले. पण देण्यापूर्वी कोणी एखाद्या ॲपला कुलूप लावी, कोणी एखादाच संदेश पुसून टाकी, तर कोणी काही गोष्टी फोनावर करणेच टाळी. म्हणजे वाटून वापरणे आणि स्वतःचे थोडे जपणे, या दोन्ही गोष्टी त्यांना एकदमच हव्या होत्या. यात विरोध कसला?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. लपवणे आणि जपणे यांत फरक आहे. चोर लपवतो. आजी जपते. आईची औषधाची चिठ्ठी, ताईचा प्रश्न, वडिलांचे कर्ज या लपवायच्या गोष्टी नव्हेत; पण कोणाला सांगायच्या हे ज्याचे त्याने ठरवायचे.

एक मात्र ध्यानात ठेवा. वेगळी खोली घरच्यांना फसवण्यासाठी नाही. कोणी धमकावले, पैसे मागितले, नको ते फोटो पाठवले तर खोलीचे दार आपणहून उघडा आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला लगेच सांगा. दार असणे म्हणजे ते सदा बंद असणे नव्हे. केव्हा उघडायचे, हे आतल्या माणसाच्या हाती असणे म्हणजे दार.

करून पाहा

१. वडीलधाऱ्यांना विचारून घरच्या फोनाच्या सेटिंग्जमध्ये 'यूजर' हा शब्द शोधा. सोय सापडली तर प्रथम गेस्टमध्ये शिरा. फोटो, संदेश, बँकेचे ॲप तेथे दिसते का ते पाहा. नवी खोली सर्वांच्या समोर, सर्वांच्या संमतीने उघडा.

२. सेतू केंद्रात किंवा शाळेच्या संगणकावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, तर आधार आणि गुणपत्रिकेच्या प्रती डाउनलोडमध्ये राहिल्या का ते पाहून पुसायला लावा, आणि खात्यातून बाहेर पडून मगच उठा.

३. शाळेच्या वाचनालयाच्या यादीचा आकडा ठरवा. ग्रंथपालांनी वाचावी व लिहावी, शिक्षकांनी वाचावी, विद्यार्थ्यांनीही वाचावी. आणि एका ॲपचा क्रमांक १२,१०,०४५ आहे, तर ते कितव्या खोलीत चालू आहे?

(उत्तरे : ६४४, १२ व्या खोलीत.)